जुलैच्या पानावरचा सूर्यास्त

आज दुपारी नव्या वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. उघडलं होतं आनंदानेच, कारण जुलैच्या पानावर माझा फोटो आहे. म्हणजे, होता. ब्राह्मणी घार माझी. आभाळ कुणाचं, देव जाणे! केशरी, जांभळं, मधोमध बुडणारा सूर्य. जुलैत, गोव्यात!

हा फोटो मी रायबंदरच्या फेरीधक्क्यावरून काढला होता. मांडवी नदीपलीकडच्या चोडण बेटावर आत्याकडे निघाले होते. सकाळचे साडेआठ, रात्रभर कोसळून नुकतीच उघडीप मिळालेली. पाण्यात रोवलेल्या खांबावर घार पंख पसरून सुकवत बसली होती. डोक्याची पांढरी पिसं भिजून चिकटलेली, चोचीच्या टोकाला एक थेंब. मागे राखाडी आभाळ. त्या थेंबासाठी मी एक फेरीबोट सोडली.

तो थेंबही पुसलाय. डाग वाटला असणार.

रायबंदरहून चोडणकडे तोंड केलं की समोर उत्तर येते. उत्तरेला सूर्य बुडवलाय यांनी! खाली मांडवी मात्र तशीच, पावसाळ्यातली तांबडी, गढूळ. तिच्यावर केशरी रंगाचा ठिपका नाही. सूर्य पाठीमागे असता तर घार काळी पडली असती. इथे तिचा विटकरी रंग सगळीकडून सारखा उजळलाय, कारण तो उजेड ढगांतून गाळून आलेला. पंखांच्या टोकांची बारीक पिसं कापली गेलीत, कडेनं पांढरी रेघ उमटलीय. ती रेघ एक वेळ चालेल, उद्या सफाईने काढतीलही. पण ओलीचिंब घार कोरड्या संध्याकाळी पंख पसरून का बसलीय, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

कॅलेंडरवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलला. "ताई, आभाळ डल होतं, जरा उठाव दिला." २०२० पासून फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायची आयती सोयच आहे, दोन मिनिटांचं काम. ओरडायला म्हणून लावला होता फोन, ओरडवलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नसेल. असल्या फोटोंखाली 'अप्रतिम' लिहीत आलो ते आपण पक्षीवालेच ना?

मान्य, मीही रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोत, उजेड वाढवते, कडा कातरते. राखाडी आभाळापुढे पक्षी काळा येतो म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, चढवून ठेवते. लग्नाच्या फोटोंत खुशाल बदला आभाळ. पण पक्ष्याचा फोटो म्हणजे नोंद असते हो! कुठे, कधी, कसल्या हवेत. चोडणचं सलीम अली अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. तिथे पाऊस, भरती-ओहोटी आणि चिखल यांवरच सगळ्यांचं पोट. त्या पाखरांचं आभाळच काढून घ्यायचं?

संध्याकाळी आत्याला ते पान पाठवलं. तिचा जन्म गेला त्या धक्क्यावरून ये-जा करण्यात. तिने विचारलं, "हें खंयचें गो?" हे कुठलं गं?

मग मूळ फोटो पाठवला. लगेच तिचा फोन. म्हणाली, त्या दिवशी तू एक फेरी चुकवलीस आणि इथे तुझी पेज निवून गेली.

मूळ फोटो खाली देतेय. ज्यांच्या घरी ते कॅलेंडर पोचलंय त्यांनी मेसेज करा. प्रिंट काढून देते, जुलैवर चिकटवा.