शेलापागोटे एकालाच बसले पाहिजे

भाचीच्या दहावीच्या निरोप समारंभाला या फेब्रुवारीत गेलो होतो. देवगड तालुक्यातली, वाघोटण खाडीच्या काठची ही शाळा माझीही असल्यामुळे पाहुण्यांच्या खुर्चीत बसताना थोडे अवघडल्यासारखे झाले. भाषणे झाली, दोनतीन मुली रडल्या, आणि मग शेलापागोट्यांची, म्हणजे एकेकाला उद्देशून लिहिलेल्या थट्टेच्या ओळींची, घोषणा झाली. मी सरसावून बसलो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या चारोळ्या एकामागून एक वाचायला सुरुवात केली. मध्येच त्याच्याकडून दोन नावांची अदलाबदल झाली. पण ती चूक सभागृहात कोणाच्याही लक्षात आली नाही, ज्यांची नावे होती त्या दोघांच्याही नाही. अळवावरच्या पाण्यासारख्या त्या ओळी कोणालाच चिकटत नव्हत्या.

माझा आक्षेप नेमका एवढाच आहे. शेला आणि पागोटे हा मानाचा आहेर. तो थट्टेने द्यायचा, पण मापाने शिवलेला द्यायचा. ज्याच्यासाठी ओळ लिहिली, त्याच्याखेरीज ती दुसऱ्या कोणाला बसता कामा नये.

आमची तुकडी १९९८ची. त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला रोह्यापासून मंगळूरपर्यंतची कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती, आणि परीक्षा संपली की अर्धा वर्ग त्या गाडीने मुंबईला जाणार हे सर्वांना ठाऊक होते. निरोपाच्या आदल्या आठवड्यात बिस्किटांचा एक रिकामा डबा वर्गात ठेवला गेला आणि त्यात ज्याने त्याने नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकल्या. त्याला आम्ही फिशपाँडही म्हणत असू. खरी मासळी दाराशी येणाऱ्या गावात मुलांनी बिस्किटांच्या डब्याला तळे म्हणावे, याची तेव्हा गंमत वाटली नव्हती, आता वाटते.

त्या डब्यातली सर्वोत्तम चिठ्ठी खाडीपलीकडून येणाऱ्या एका मित्रासाठी होती. पलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्यात असल्यामुळे हा गृहस्थ रोज होडीत बसून जिल्हा ओलांडत असे, आणि रोज उशिरा येत असे. कारण ठरलेले होते: ‘सर, ओहोटी होती, होडी गाळात अडकली.’ तीन वर्षे हे कारण चालले. दहावीत भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटीचा धडा झाला आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते हे वर्गाला कळले. मग चिठ्ठी निघाली: ‘भरती रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हा मात्र बारा महिने नेमका वीस मिनिटे उशिरा येतो. चंद्राने याच्याकडून वक्तशीरपणा शिकावा.’ सर्वांत आधी तोच हसला, आणि भूगोलाच्या सरांना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हे शेलापागोटे लिहायला तीन वर्षांचे निरीक्षण, एक खाडी आणि एक धडा लागला. ते डाउनलोड कुठून करणार?

बाकीच्याही काही आठवतात. वारंवार पाणी प्यायला जाणाऱ्या मुलासाठी: ‘गावची विहीर एप्रिलमध्ये का आटते, ते आज समजले.’ भूमितीच्या प्रत्येक परीक्षेत वर्गाला साहित्य पुरवणाऱ्या मुलीसाठी: ‘कंपास तिची, गुण आमचे.’ अखंड बोलणाऱ्या एकीसाठी खास मालवणीत: ‘शाळा सुटली, तरी हिची गजाल काय संपाची नाय.’ ‘पुढल्या वर्षी याच बाकावर भेटू’ ही मात्र पूर्वीची हमखास हशा पिकवणारी ओळ आता बाद झाली आहे. कोकण विभागाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के लागला, तेव्हा ती कोणाला म्हणून द्यायची?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती माझ्याच हातची आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई बाजारात मासे विकत असे. ‘हिच्या दप्तरात पुस्तके कमी, बांगडे जास्त’ ही चिठ्ठी मी लिहिली होती. वर्ग खदखदून हसला, तीही हसली, आणि थोड्या वेळाने वर्गाचा फोटो काढताना ती कुठे दिसली नाही. तिच्या आईच्या टोपलीतले बांगडे ज्या घरात आठवड्यातून चारदा शिजत, त्या घरातला मी, त्या फोटोत दात काढून उभा आहे. ती ओळही एकालाच बसणारी होती, हे मला मान्य करावे लागते. पण ती तिने केलेल्या कशावर नव्हती, ती तिच्या घरावर होती. ओहोटीची थाप मारणे हा मित्राचा स्वतःचा उद्योग होता, त्यामुळे त्याचे श्रेयही त्यालाच मिळाले.

अशाच प्रकारांमुळे काही शिक्षक हा कार्यक्रमच नको म्हणतात. त्यांची भीती मी समजू शकतो, पण उपाय पटत नाही. चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी एखाद्या शिक्षकाने वाचून घ्याव्यात आणि रंगावर, घरावर, जातीवर गेलेल्या तिथेच फाडाव्यात. आमच्या वेळी ही पद्धत नव्हती. मुलांनी लिहायचे मात्र हातानेच. मोबाईलवरून वाचलेली ओळ कोणाला दुखवत नाही हे खरे, पण दहा वर्षे शेजारी बसलेल्या कोणी आपल्याकडे कधी पाहिले होते, असेही ती सांगत नाही.

मला मिळालेली चिठ्ठी अशी होती: ‘खाडीत सूर्य बुडाल्याशिवाय याचा एकही निबंध संपत नाही.’ अक्षर कोणाचे ते आजवर ओळखता आलेले नाही. ही पोस्ट लिहितानाही शेवटी एकदा सूर्य खाडीकडे कलू लागला होता. ते वाक्य खोडले आहे.