दहावीच्या बापाची पात्रता

मूल प्राथमिक शाळेत असेपर्यंत आईबाप सर्वज्ञ असतात. पाढे येतात, ऱ्हस्व-दीर्घ कळतं, घरात वट असते. माध्यमिक शाळा आली की ही गादी जाते, आणि ती हिसकावून घेतं बीजगणित.

मुलगी वही घेऊन समोर उभी. 'एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य.'

"बाबा, याची मुळं काढायचीत."

मी चष्मा पुसायला घेतला. वेळ काढायचा हा जुना, खानदानी मार्ग. मग भारदस्त आवाजात विचारलं, "तुमच्या सरांनी कसं शिकवलंय, ते आधी सांग. हल्ली पद्धती बदलल्यात."

"अवयव पाडायचे. म्हणजे ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच, असे दोन आकडे... अरे, दोन आणि तीन! आलं की." वही मिटून ती गेलीसुद्धा. माझा चष्मा मात्र लख्ख झाला होता.

पुढे कळलं, की शास्त्र माझ्याच बाजूने आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधक बाईंनी 2009 मध्ये साधारण सहावी ते आठवीच्या मुलांबद्दलचे 50 अभ्यास एकत्र तपासले. पालकांनी गृहपाठात हात घालण्याचा फायदा काही खात्रीने दिसेना. सगळ्यांत जास्त संबंध दिसला तो शिक्षणाचं मोल, अपेक्षा आणि पुढचे बेत यांबद्दल घरात बोलण्याचा. (मूल अडलं की मगच आपण गृहपाठात घुसतो, हेही त्या निकालामागचं एक कारण असू शकतं. पण हे मी बायकोला सांगितलेलं नाही.)

आता फक्त बोलायचं! किती सोपं. "आज शाळेत काय झालं?" "काही नाही." "काहीच नाही?" "नाही." एवढी मोठी इमारत, शेकडो माणसं, दिवसभर घंटा वाजतात आणि आत काहीच होत नाही. समोरासमोर बसून विचारलं की ही चौकशी समिती वाटते, हे कळायला मला वेळ लागला. कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हटलं, "आज कुठले सर विषय सोडून भरकटले?" तर घड्या संपल्या, तरी बाईसाहेब थांबेनात. त्यात पुढे काय शिकायचं, तेही येऊन गेलं.

झोपेचं तेवढं जमत नाही. तेरा ते अठरा या वयात 8 ते 10 तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. त्याच वयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं आणि झोपच उशिरा येते, असंही तेच सांगतात. म्हणून नियम केला, रात्री सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत. ती निमूट ठेवून गेली. अंधारात चाचपडत बाहेर येताना पकडला गेलो तो मी.

अभ्यासात मात्र आता मला पद मिळालंय. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्याने बाजी मारतात ते न बघता आठवून काढणारे. म्हणजे पुस्तक धरून प्रश्न विचारणारा कुणीतरी हवा. पुस्तक माझ्या हातात असल्याने मी विद्वानही दिसतो.

परवा न्यूटनचा तिसरा नियम होता. क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, तिने धडाधड सांगितलं. मला खरंच कळेना. "मग दोन्ही बलं एकमेकांना खाऊन टाकतील ना? गाडी पुढे जाते कशी?"

ती गप्प. पुस्तक ओढून घेतलं, कागदावर बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. "अरे, ती दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात! चाक रस्त्याला मागे ढकलतं, रस्ता चाकाला पुढे." मग संशयाने बघत, "तुला माहीत होतं ना?"

"छे."

"उद्या रसायनशास्त्र आहे. मोल संकल्पना. तुला येते?"

"ओ की ठो नाही."

"बरं झालं. मग सातला बस."