गिळण्यापेक्षा चटणी बरी

जवसाच्या फायद्यांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘सकाळी उपाशीपोटी चमचाभर अख्खा जवस पाण्यासोबत गिळा’ हा सल्ला काही पटला नाही. जवसाचं साल कडक आणि गुळगुळीत. न चावता गिळलेला दाणा बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. कुटूनच खायला हवा.

आम्ही इंदुरात सियागंज बाजारातून आणतो. मंद आचेवर कोरडाच भाजायचा, तडतड कमी झाली की लगेच ताटात पसरायचा, नाहीतर कढईच्या धगीनंच करपून कडवट होतो. गार झाल्यावर लसूण, सुक्या लाल मिरच्या, जिरं, मीठ घालून जाडसर वाटायचा. मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीशी, वर कच्चं तेल घालून मस्तच! आमच्याकडची मुलं पोह्यांवर शेवेच्या जोडीला हीच भुरभुरतात, आता त्याला काय म्हणावं. थोडीथोडीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होते.

१०० ग्रॅम जवसात साधारण २७ ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे दिवसाला एक-दोन चमचे पुरे आणि पाणी भरपूर. लेखात जवसाला ‘माशाला पर्याय’ म्हटलंय, हे मात्र जरा जास्तच झालं. जवसातलं ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक स्निग्धता) वेगळं, शरीर त्यातलं थोडंच माशांतल्या प्रकारात बदलू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल खाण्याचं नसतं.