टर्नरची गाय आणि मास्तरांच्या म्हशी

कोल्हापूरच्या आमच्या ग्रुपवर सध्या वाद चालू आहे. एका दिवंगत ड्रॉइंग मास्तरांच्या वह्या, ज्यांत पंचगंगेच्या घाटावरच्या म्हशी आणि देवळांची शिखरे पेन्सिलीने काढलेली आहेत, त्या वाचनालयाने ठेवून घ्याव्यात का? बहुमत असे, की पूर्ण चित्रे तेवढी ठेवावीत आणि ‘कच्चे काम’ रद्दीत घालावे.

लंडनमध्ये राहून मला याची विशेष चीड येते, कारण इथे पिम्लिकोला उतरून टेट ब्रिटन या चित्रसंग्रहालयात आधी वेळ ठरवून गेले, की इंग्रज चित्रकार टर्नरच्या असल्याच कच्च्या कागदांसमोर कोणालाही बसता येते. १७९७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने ट्वीड नदीकाठचा नॉरहॅमचा पडका किल्ला पेन्सिलीने टिपला. पुढे १८०१च्या सुमारास गायींच्या रेखाटनांची एक वही झाली. १८१६च्या छापचित्रात गायी त्या किल्ल्याखालच्या पाण्यात उतरल्या आणि १८४५च्या सुमाराच्या तैलचित्रात निळसर धुक्यातल्या किल्ल्यासमोर एकच गाय उरली. आज वाखाणले जाणारे ते तैलचित्रसुद्धा अपूर्णच आहे. ते लोकांसमोर आले १९०६मध्ये. आमच्या बहुमताने तेही रद्दीतच घातले असते.

टर्नरनेही मृत्युपत्रात राष्ट्राला दिली होती ती पूर्ण झालेलीच चित्रे, हे ग्रुपवरच्या वकिलांनी शोधून काढण्याआधी मीच सांगतो. नातेवाईक कोर्टात गेले आणि १८५६च्या निकालाने हजारो कच्चे कागदही राष्ट्राकडे आले. मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले ते पुढच्याच वर्षी, म्हणजे चित्रकला शिकवण्याची व्यवस्था आपल्याकडे काही कालपरवाची नाही. (१९२८च्या थेम्सच्या पुरात टेटच्या तळघरातले टर्नरचे कागद भिजले, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलेले नाही.)

‘तिकडे बसून बोलणे सोपे आहे,’ असे एका वर्गमित्राने सुनावले, आणि ते लागले. टेटमध्ये मला आडनाव दोनदा उच्चारून दाखवावे लागते, तरी कागद समोर येतो; गावात आडनाव सर्वांना ठाऊक आहे, पण माझे मत आता कोणी धरत नाही. टर्नरचा उल्लेख मी अजूनही ‘त्यांचा टर्नर’ असा करतो, आणि ग्रुपवर ‘आपले मास्तर’ लिहिताना हल्ली जरा थांबतो.

वह्यांसाठी चांगल्या खोक्यांचा खर्च देऊ केला, तर ‘पौंडांचा रुबाब’ असे उत्तर आले. असेल रुबाब. वाचनालय घेणार नसेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मला फोन करावा.