फॉर्म सुटायच्या आत गरीब व्हा

तर मंडळी, पोरगं सहाचं होत आलंय आणि इंग्लिश मीडियमची फी ऐकून छातीत धस्स झालंय ना? घाबरू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे की आपल्याकडे, खाजगी शाळेत २५ टक्के जागा गोरगरिबांच्या आणि वंचितांच्या लेकरांना फुकट. तुम्हाला फक्त फॉर्म सुटायच्या आत गरीब व्हायचंय, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये.

उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये, आता तुमच्या गाडीचा हप्ताच यापेक्षा जास्त आहे हे मलापण माहितीय, पण दाखल्यावर गाडीचा रकाना नसतो. नोकरदारांची जरा पंचाईत होते, धंदेवाल्यांची मात्र मज्जाच मज्जा. दुकान वडिलांच्या नावावर करा आणि स्वतःला गावाकडची कोरडवाहू दाखवा, तिच्यात काही पिकत नाही हे तर खरंच आहे, खोटं कुठे बोललात तुम्ही? बाकीचं सेतूच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेला भाऊ बघतो.

मग पत्ता. शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर नंबर आधी लागतो, त्यामुळे मेव्हण्याच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा भाडेकरार रजिस्टर करून घ्या. फॉर्ममध्ये नकाशा येतो, त्यावर लाल फुगा असतो, तो धरून आपल्या घरावर सोडायचा. घर शाळेच्या गेटला जेवढं चिकटेल तेवढं बरं, पण शाळेच्या आत नको, पडताळणी समितीलापण काहीतरी लाज असते.

हे सगळं चालू असताना तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी हात पुसत येतील आणि म्हणतील, दादा आमच्या बाळ्याचापण भराल का फॉर्म. भरा ना! आपण काय वाईट माणसं आहोत का. त्या मोबाईलमध्ये डोकं घालून सांगतील, हा नाला, मग पिंपळ, मग पत्र्याची तिसरी खोली. नकाशात नाला आहे, पिंपळ नाही आणि खोली तर नाहीच नाही. फुगा नाल्यात सोडा. भाडेकरार मागितलात तर त्या हसतील, कारण खोलीमालक भाडं रोख घेतो आणि कागद मागितला की खोली खाली करायला सांगतो. म्हणजे कसंय बघा, खऱ्या गरिबाकडे गरिबीचे कागद नसतात आणि तुमची फाईल कशी लॅमिनेट केलेली.

शाळावाल्यांना मात्र नावं ठेवू नका हां. सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतो म्हणतं, आणि त्या ‘म्हणतं’मध्येच सगळं आलं. ही कटकट कायमची मिटावी म्हणून सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला होता, १ किलोमीटरमध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीला २५ टक्क्यांतून सुट्टी. काय डोकं लावलं होतं राव! हायकोर्टाने १९ जुलैला तो नियम रद्द केला आणि सुप्रीम कोर्टातपण काही वाचलं नाही, कोर्टाला पालकांच्या मीटिंगमधलं वातावरण कोण सांगणार.

असो. सोडतीत तुमचं नाव लागेल, मावशींचं वेटिंगवर जाईल, नाल्यातला फुगा पुढे सरकत नसतो. अशा वेळी त्यांना धीर द्या. सांगा, महापालिकेची शाळा काय वाईट आहे, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, मास्तर डीएड झालेले (फक्त ते सध्या मतदारयादीच्या कामाला गेलेत). शाहू महाराजांचं उदाहरण द्या, १९१७ साली त्यांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. हल्ली उलटं झालंय, महापालिकेच्या शाळेत घातलं तर सोसायटीची लिफ्टच दंड करते, पण हे मावशींना सांगू नका, त्यांना कुठे लिफ्टने यायला परवानगी आहे.

आणि त्यांनी विचारलंच की दादा तुम्ही बघितलीय का ती शाळा, तर छातीठोकपणे हो म्हणा. मागच्या विधानसभेला गेला होतात की, खोली नंबर ४, डाव्या बोटाला शाई लावून घेतलीत आणि गेटपाशी सेल्फी काढलात. पंखा बंद होता तेवढं आठवतंय.