झीरो विमान ना नकलेचं, ना एकट्या मित्सुबिशीचं

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: 'जपानचं झीरो लढाऊ विमान म्हणजे अमेरिकन हॉवर्ड ह्यूजच्या शर्यतीच्या विमानाची नक्कल. मित्सुबिशीने ते उचललं आणि बनवलं. वैमानिकाच्या जिवाची किंमत नव्हती, म्हणून चिलखतसुद्धा घातलं नाही.' परवा एका शिक्षकमित्रानेही तो पुढे ढकलला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

आधी नकलेचं बघू. ह्यूजचं एच-१ पहिल्यांदा उडालं ऑगस्ट १९३५ मध्ये. झीरोचा मुख्य अभियंता जिरो होरिकोशी याच्या आधीच्या लढाऊ विमानाचा नमुना त्याच वर्षी फेब्रुवारीत उडाला होता. पत्र्यात बुडवलेले सपाट डोक्याचे रिव्हेट, जे 'चोरीचा पुरावा' म्हणून दाखवतात, ते त्यातही होते. शिवाय एच-१ चे पंख लाकडी, झीरोचे धातूचे. झीरोचा प्रोपेलर अमेरिकन परवान्यावर आणि २० मिमी तोफा स्विस परवान्यावर बनत, हे खरं. पण ब्रिटिशांच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या ब्राउनिंग मशीनगनही मुळात अमेरिकन होत्या. त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

आता चिलखत. १९३७ साली जपानी नौदलाने नव्या लढाऊ विमानासाठी वेग, चपळाई आणि लांबचा पल्ला हे तिन्ही एकदम मागितलं. मित्सुबिशीची प्रतिस्पर्धी असलेल्या नाकाजिमा या विमान कंपनीने हे जमणारच नाही म्हणून माघार घेतली. हाताशी इंजिन हजार अश्वशक्तीच्याही आतलं. होरिकोशींनी मग वजन ग्रॅमाग्रॅमाने कापलं, त्यातच चिलखतही गेलं. वैमानिकाच्या खुर्चीच्या पत्र्यालासुद्धा गोल गोल भोकं पाडली आहेत! सुरुवातीच्या स्पिटफायरलाही वैमानिकामागे चिलखत नव्हतं. ब्रिटिशांनी ते लवकर बसवलं, जपानी नौदल मागे राहिलं आणि त्याची किंमत वैमानिकांनी मोजली. दोष द्यायचा तर त्या दिरंगाईला द्या.

'मित्सुबिशीने बनवलं' हे तर अर्धसत्य. आराखडा त्यांचा, नमुनाही त्यांचाच. नागोयाच्या कारखान्याला धावपट्टी नव्हती, म्हणून सुटे केलेले भाग बैलगाड्यांवर लादून काकामिगाहाराच्या विमानतळावर नेले. तिथून १ एप्रिल १९३९ ला ते उडालं. पण त्यानंतर झीरोच्या पोटात बसलं ते नाकाजिमाचं 'साकाए' इंजिन. आणि बनलेल्या दहा हजारांहून अधिक झीरोंपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे साडेसहा हजार, नाकाजिमानेच बांधली. ज्यांनी स्पर्धेतून माघार घेतली, त्यांच्याच कारखान्यांतून सर्वाधिक झीरो बाहेर पडली, हे मला या सगळ्या कहाणीत सर्वात विलक्षण वाटतं. चिकुहेई नाकाजिमा हा नौदलातला अभियंता अधिकारी. १९१७ मध्ये नोकरी सोडून त्याने गुन्मा प्रांतातल्या ओता गावी विमानाचं काम मांडलं. लष्कराची हायाबुसा आणि हायाते ही लढाऊ विमानंही याच कंपनीची. तरी तिचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्यांनी नाकाजिमाचे तुकडे केले. त्या तुकड्यांतून उभ्या राहिलेल्या पाच कंपन्यांनी १९५३ मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज स्थापली. तिच्या मोटारींचं नाव सुबारू, म्हणजे जपानीत आपल्या कृत्तिका. गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यात एक मोठा आणि पाच लहान तारे आहेत. ते पाच त्या पाच कंपन्यांचे.