‘काइंडली इंटिमेट’मध्ये चूक आहे, पण मेसेजवाले म्हणतात ती नाही

दर दोन-चार महिन्यांनी हा मेसेज नव्या शुद्धलेखनासह परत फिरतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर येतो. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका निवृत्त हेडक्लार्क काकांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “आयुष्यभर काय लिहीत होतो रे मी!”

मजकूर थोडक्यात असा. इंग्रजी पत्रात ‘इंटिमेट’ हे क्रियापद लिहू नका, त्याचा अर्थ जवळीक. ‘कळवणे’ हा अर्थ आपल्या सरकारी बाबूंनी काढला, साहेबाच्या देशात तसं कुणी म्हणत नाही. म्हणतच असतील, तर ‘आडून सुचवणे’ एवढंच. कायद्यातही या शब्दाला किंमत नाही. सरळ ‘इन्फॉर्म’ लिहा आणि हसू टाळा. शेवटी हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे.

मी रुग्णालयाच्या विमा डेस्कवर बसतो. हा शब्द माझ्या हातून दिवसातून वीसेक वेळा तरी जातो, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी ती जवळीक. हे स्पेलिंग एक असलेले दोन शब्द आहेत आणि इंग्रजीत त्यांचे उच्चारही वेगळे आहेत. क्रियापदाच्या शेवटी ‘मेट’ स्वच्छ ऐकू येतं. विशेषणाचा शेवट गिळलेला असतो, जवळपास ‘इंटिमट’. ‘सेपरेट’चं, ‘एस्टिमेट’चं, ‘ग्रॅज्युएट’चंही तेच होतं. आपण मराठी माणसं सगळीकडे ठणठणीत ‘एट’ म्हणतो, म्हणून सिनेमातला सीन आणि ऑफिसातलं पत्र आपल्याला एकाच शब्दाचं वाटतं. दोघांचं मूळ मात्र खरंच एक आहे. लॅटिनमध्ये ‘इंतिमुस’ म्हणजे अगदी आतला. त्यावरून ‘इंतिमारे’, म्हणजे आत घालणे, मनात उतरवणे, आणि तिथून जाहीर करणे. विशेषण घरातच राहिलं, क्रियापद दवंडी पिटायला बाहेर पडलं.

बाबूंवरचा आरोप तर तारखांनीच निकालात निघतो. ‘औपचारिकपणे कळवणे’ या अर्थाने हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडतं, ‘इंटिमेशन’ हे नाम त्याच्याही आधी. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 31 डिसेंबर 1600 रोजी. म्हणजे आपल्या बाबूचे साहेबच अजून जहाजात बसायचे होते.

‘साहेबाच्या देशात कुणी वापरत नाही’ म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडकडे बघावं. तिथल्या चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेच्या वेळी सभा, लग्नं, वर्गणी वगैरेंच्या ज्या घोषणा होतात, त्यांना ‘इंटिमेशन्स’च म्हणतात. तिथल्या कायद्यात एकाने आपलं येणं दुसऱ्याच्या नावे केलं, तर ऋणकोला तसं रीतसर कळवण्याला ‘इंटिमेशन’ म्हणतात, आणि ते कसं करायचं यावर 1862 सालीच कायदा झाला होता. फ्रेंचांकडे तर अपिलात ज्याच्यावर बजावणी झाली त्या प्रतिवादीलाच ‘अँतिमे’ म्हणतात. लंडन-न्यूयॉर्कच्या रोजच्या पत्रव्यवहारात हा शब्द आपल्याइतका दिसत नाही, हे मान्य. पण कमी दिसणारा म्हणजे चुकीचा, असा नियम लावला तर आपल्या सातबारातले निम्मे शब्द खोडावे लागतील.

आता ‘आडून सुचवणे’. मेसेजमधला हा एकच मुद्दा वजनाचा आहे. डॉ. जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या गाजलेल्या इंग्रजी कोशात या क्रियापदाला हाच अर्थ दिला आहे आणि आजचा सामान्य इंग्रजी वाचकही बहुतेकदा तोच घेतो. पण हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे दोघांतला धाकटा. आजचे मोठे कोश दोन्ही देतात. आणि ‘एकच शब्द जाहीर कळवणे आणि हळूच सुचवणे असं दोन्ही कसं सांगेल?’ हा प्रश्न निदान मराठी माणसाने विचारू नये. ऑफिसच्या भिंतीवर सूचना फलक लागतो आणि त्याच्याखाली उभं राहून कुणीतरी सूचक हसतं. आपल्याला कधी गोंधळ झालाय? ‘अध्यक्षांनी सभासदांना तसे सूचित केले’ हे वाक्य इतिवृत्तात आलं तर लेखी कळवलं, आणि चहाच्या टपरीवर आलं तर भुवई उडवली.

कायद्यात किंमत नाही म्हणता? आयकर रिटर्न भरल्यावर काही आठवड्यांनी बेंगळुरूहून जो ईमेल येतो आणि ज्याने घाबरून लोक सीएला फोन करतात, त्याचं नाव काय? ‘इंटिमेशन’. हा शब्द 1961च्या आयकर कायद्यातल्या कलम 143(1)चाच (1 एप्रिल 2026पासून त्या कायद्याच्या जागी 2025चा नवा कायदा आला). आत दोन रकाने: एकात तुम्ही भरलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने काढलेले. दोन्ही जुळले तर काही करायचं नसतं. कर निघाला तर 1961च्या कायद्यात हेच इंटिमेशन कलम 156खालची मागणीची नोटीस मानलं गेलं. आणि विम्यात तर या शब्दावरून भांडणं थेट सुप्रीम कोर्टात गेली आहेत. जानेवारी 2020मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं, की वाहन चोरीला गेल्यावर पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल, तर विमा कंपनीला ‘इंटिमेशन’ उशिरा दिलं एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येणार नाही.

आमच्या डेस्कवरची गोष्ट सांगतो. नव्याने लागलेल्या एका मुलीने हाच मेसेज वाचून काउंटरवरची पाटी सुधारली. ‘क्लेम इंटिमेशन 24 तासांत’ होतं, तिथे ‘क्लेम इन्फर्मेशन 24 तासांत’ केलं. हेतू चांगला होता, अक्षरही सुरेख. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. वडिलांना रात्री अचानक दाखल केलं होतं. हातात फुगलेली फाइल: रिपोर्ट, बिलं, आधारच्या चार-चार प्रती. म्हणाले, “सगळी इन्फर्मेशन गोळा करायला वेळ लागला हो.” त्यांना वाटलं होतं माहिती द्यायची आहे. नुसता ‘पेशंट दाखल झालाय’ एवढा निरोप 24 तासांत द्यायचा होता, एका फोनचं काम. तोच राहिला. मग ईमेल, विनंती अर्ज, उशिराचं कारण, डॉक्टरांची सही. दावा मंजूर झाला, पण त्या चार दिवसांत त्यांची झोप गेली आणि मला बोलणी बसली. आमच्या धंद्यात इंटिमेशन म्हणजे वर्दी आणि इन्फर्मेशन म्हणजे कागद. पाटी मी त्याच दिवशी परत बदलली.

‘इन्फॉर्म’चा आग्रह मात्र एका जागी बरोबर आहे, फक्त मेसेजवाल्यांना तो का बरोबर आहे हे ठाऊक नाही. आपण लिहितो ‘काइंडली इंटिमेट मी’ किंवा ‘इंटिमेट अस’. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला खटकतं ते इथे. त्यांच्याकडे या क्रियापदाचं कर्म म्हणजे कळवायची गोष्ट. माणूस ‘टू’ लावून मागाहून येतो. इंटिमेट द डेट टू अस. ‘इन्फॉर्म’चं उलटं: आधी माणूस, मग गोष्ट. आपण ‘इंटिमेट’ला ‘इन्फॉर्म’च्या साच्यात बसवलं. मला विचाराल तर यात आपल्या ‘ला’चाही हात असावा. द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हींचे प्रत्यय स, ला, ते, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. ‘मला बोलावलं’ आणि ‘मला कळवलं’ यांतला फरक कानाला लागतच नाही, मग पत्रात ‘टू’ची आठवण कशी राहावी? भारतातल्या भारतात सगळेच असं लिहितात, सगळ्यांना समजतं, आणि मी अशी पत्रं परत पाठवत नाही. पत्र परदेशी जाणार असेल तर ‘इन्फॉर्म अस’ किंवा ‘लेट अस नो’ लिहावं.

काकांना हे सगळं टाइप करून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही. संध्याकाळी उत्तर आलं: “म्हणजे ‘इंटिमेट द अंडरसाइन्ड’ नव्हे, ‘इंटिमेट टू द अंडरसाइन्ड’. पस्तीस वर्षांत एक ‘टू’ राहिला. साहेबांनी सह्या केल्या होत्या त्यावर.”